सुलक्षणा धुरीची जुनेरं

सुलक्षणा धुरीला मरोळच्या त्या बिल्डिंगमध्ये सगळे चिंधीचोर म्हणायचे, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. जिन्यात कुणी भेटलं की ती आधी त्याच्या बाहीला चिमटा काढायची, कापड दोन बोटांत चोळायची आणि मग बरं आहे का म्हणून विचारायची. "पॉलिस्टर," असं तोंड वाकडं करून म्हणाली, तर माणूस सुटला. "कॉटन गं!" म्हणाली, की तो शर्ट विटेपर्यंत ती त्याचा पिच्छा सोडत नसे.

एका लग्नाच्या हॉलमध्ये तर तिने नवरदेवाच्या शेरवानीचा लोंबता धागा हळूच ओढून काडी लावून पाहिला होता. धागा वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. "सगळं नायलॉन," ती शेजारच्या बाईला म्हणाली, "उन्हात उभा केला तर नवरा आतल्या आत शिजेल." शेजारची बाई नवरदेवाची मावशी निघाली. धुऱ्यांना त्या लग्नात आइस्क्रीम मिळालं नाही.

हा रोग तिला कामावरून जडला होता. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात हातकागद बनतो, आणि तो लाकडापासून नाही, सुती चिंध्यांपासून बनतो. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांत उरलेले तुकडे पोत्यांनी येतात. ते निवडणं हे सुलक्षणाचं काम. बटणं, चेन, इलास्टिक काढायचं, पॉलिस्टर हुडकून बाहेर फेकायचं, शंका आली तर धागा जाळून बघायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख मागे ठेवतो. निवडलेल्या चिंध्या बारीक कापून बीटरमध्ये टाकतात. बीटर म्हणजे पाण्याची लांबट टाकी. तिच्यात दातेरी रोलर फिरतो आणि कापडाची पातळ पेज करून टाकतो. ती पेज हौदात ओतायची, जाळीची चौकट बुडवून सपाट वर उचलायची, की जाळीवर ओला कागद. मग दाबायचा, दोरीवर वाळत घालायचा. त्यातून पैसेवाल्यांच्या लग्नपत्रिका निघतात आणि कंपन्यांच्या डायऱ्या निघतात. डायऱ्यांत कुणी काही लिहीत नाही, पण वास मात्र सगळे घेतात.

गाळ्याचा मालक सर्वेश बँकेतली नोकरी सोडून या धंद्यात पडला होता आणि जिभेवर साखर ठेवून वागायचा. एकदा सुलक्षणाने घरातली एक विरलेली चादर नेऊन दिली. त्या चादरीचा लगदा बघता बघता झाला, कागद गुळगुळीत आला. "ताई, हे कापड नाही, लोणी आहे," सर्वेश म्हणाला. झालं! सुलक्षणाला स्तुतीची सवय नव्हती. नवरा जयवंत स्कूलबस चालवायचा आणि दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून घरी आल्यावर तोंड म्हणून उघडायचा नाही. जेवण चांगलं झालं तर तो दुसऱ्यांदा भात मागायचा, एवढीच काय ती शाबासकी. तेव्हा लोणी हा शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला आणि तिने घर उपसायला घेतलं.

आधी चादरी गेल्या. मग उशांचे अभ्रे गेले. सासरे काशीराम धुरी गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडली तरी त्यांचं धोतर बंद पडलं नव्हतं, मरेपर्यंत तेच नेसले. ते धोतर जुहूच्या कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पत्रिकेत गेलं. सासूची दोन लुगडी एका योगवाल्या संस्थेच्या डायरीत गेली. जयवंतच्या बनियनांवर तर तिचा रोजच डोळा. एकदा ती समोर येऊन नुसतीच बघत उभी राहिली, तसा तो दोन्ही हात छातीवर धरून ओरडला, "अगो, अंगावरचो तरी ठेव!"

घरचं संपल्यावर तिने बिल्डिंग धुऊन काढली. समोरच्या विंगेतली माधुरी तिची जिवाभावाची मैत्रीण, पण तिच्या आईचं पातळ सुलक्षणाने तिच्याशी गप्पा मारता मारता पिशवीत घातलं होतं. माधुरी अजून ते काढायची.

राहता राहिली एक पेटी. तिच्यात ऋतिकाची, म्हणजे तिच्या एकुलत्या मुलीची, लहानपणची दुपटी होती. ती पेटी मात्र सुलक्षणाने मोहापायी नाही, रागापायी रिकामी केली.

ऋतिका घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथेच मिथुन खरात भेटला. पोरगा मानखुर्दचा, हुशार, हसरा, आणि जयवंतला सुद्धा बोलतं करणारा. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून सुलक्षणाने जात काढली. तो शब्द ती तोंडाने उच्चारत नसे. "आपल्यातला नाही," एवढंच म्हणायची, जणू तेवढ्याने तिचं तोंड स्वच्छ राहत होतं. लग्न मानखुर्दच्या हॉलमध्ये बौद्ध पद्धतीने लागलं. जयवंत बस दुरुस्तीला न्यायचीय सांगून गुपचूप जाऊन फुलं टाकून आला. सुलक्षणा त्या दिवशी हट्टाने कामावर गेली, पेटीतली सगळी दुपटी घेऊन. तिने ती कापली आणि स्वतःच्या हाताने बीटरमध्ये सोडली. तेव्हा ती रडली, भरपूर रडली. रोलरच्या खडखडाटात कुणाला ऐकू आलं नाही, एवढंच.

मग दीड-दोन वर्षं अबोला. तो ऋतिकाच्याच फोनने मोडला. "आई," ती म्हणाली, "मला दिवस गेलेत. आणि मला तुझ्या हातची कुळथाची पिठी खायचीय." सुलक्षणाने आधी फोन आपटला, मग पिठी केली, मग डबा घेऊन रिक्षात बसली आणि लॅबच्या दारात उभी राहून मुलीला म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. उगाच मिरवू नकोस, घरी चल."

सातव्या महिन्यात ऋतिकाला पोचवायला सासू-सासरे आले. सासू द्रौपदीबाई महापालिकेच्या शाळेत शिपाई. पाचशे पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवणारी बाई. सासरे भाऊराव रिटायर झालेले, कानाने कमी. द्रौपदीबाईंनी घरून लाडू करून आणले होते. सुलक्षणाने डबा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "माझा आज उपास आहे हो." याआधी दवाखान्यात त्यांनी दिलेल्या चहाच्या वेळीही तिचा उपास होता. सोमवार, गुरुवार, संकष्टी, जो वार असेल त्याचा तिला देव सापडायचा. द्रौपदीबाईंनी डबा परत घेतला.

निघताना त्यांनी दारात विचारलं, "विहीणबाई, बाळाला जुनेरं लागतील. माझ्याकडे ट्रंक भरून आहेत. पाठवू?"

"छे!" सुलक्षणा म्हणाली, "काशीराम धुरींचं घर आहे हे. गिरणीतलं अस्सल सुती. आमच्याकडे जुनेराला काय तोटा?"

जयवंत तिच्याकडे बघत राहिला. पण तो बोलणारा असता तर ही गोष्टच झाली नसती.

जुनेर म्हणजे वापरून, धुऊन, विरून मऊ झालेलं सुती कापड. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जुनेरात गुंडाळतात. सुलक्षणाची आई कुडाळहून तिच्या पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा तिने बजावलं होतं, "पोराक नवा कापाड घालू नको गो. जुना घाल, म्हणजे म्हाताऱ्याचा आयुष्य लागता." तेव्हा सुलक्षणा वीस-बावीसची, फॅशनवाली. तिने अंधेरीच्या दुकानातून गुलाबी फरचं दुपटं आणलं आणि पहिल्या मुलाला त्यात गुंडाळलं. तो मुलगा आठवडाभरही राहिला नाही. डॉक्टरांनी फुप्फुसं कच्ची होती म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. सुलक्षणाला ते समजतही होतं. पण ऋतिका झाली तेव्हा तिने कुणी न सांगता सासूचं लुगडं फाडलं, मुलीला त्यात गुंडाळलं, आणि मुलगी जगली. आता कुणी कितीही शहाणपण शिकवलं तरी तिच्या काळजातून ते निघणार नव्हतं.

दिवस भरत आले तेव्हा तिने माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या. एकीत जयवंतच्या सफारी, टेरिकॉटच्या. दुसरीत तिच्या नायलॉनच्या साड्या. तिसरीत डांबराच्या गोळ्या.

"बाबांचा धोतर खय गेला?" जयवंतने विचारलं, आणि विचारून झाल्यावर स्वतःच जीभ चावली.

सुलक्षणा पेटीशेजारी फतकल मारून बसली. कुठलं कापड कुठे गेलं ते तिला पाठ होतं. साखरपुडा, योगाची डायरी, कुठल्याशा पाहुण्यांच्या रिटर्न गिफ्टच्या पिशव्या. जगाला तिने सुतीत गुंडाळलं होतं आणि नातवंडासाठी हातरुमाल उरला नव्हता.

ती माधुरीकडे गेली. "माझ्याकडे कसलं जुनेर?" माधुरी म्हणाली. "सगळं तूच नेलंस की! माझ्या आईचं पातळ काय मी खाल्लं?" खालच्या मजल्यावर तेच उत्तर, वरच्या मजल्यावर तेच, फक्त शिव्या वेगळ्या. गाळ्यातल्या पोत्यांत हात घालावा तर तिथे कारखान्याचे कोरे तुकडे, ना कुणाच्या अंगाचे ना आयुष्याचे.

मग तिला एक अक्कल सुचली. तिने नवी कोरी मलमल घेतली. बीटर कापडाची पेज करतो. मग जरा वेळच फिरवलं तर कापड नुसतं मऊ पडेल, वर्षानुवर्षं धुतल्यासारखं! जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तशी तिने अख्खी मलमल टाकीत सोडली आणि बटण दाबलं. पण बीटरमध्ये कापड कापून टाकतात ते उगाच नाही. मलमल रोलरला गुंडाळली, करकचून आवळली, पट्टा किंचाळला, धूर निघाला आणि मशीन गपकन थांबलं. सर्वेश हातातला घास टाकून धावत आला.

"ताई, हे काय घातलंत?"

"दुपटं," सुलक्षणा म्हणाली.

"कुणाचं?"

"अजून जन्माला यायचंय."

सर्वेशने कपाळाला हात लावला. मेकॅनिक येईस्तोवर काम बंद, आणि रोलरमधून मलमल निघाली ती दोरखंडासारखी पिळलेली, वंगणात बरबटलेली. इतर बायका हसून हसून बेजार झाल्या. एरवी सुलक्षणाने त्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी तिने नुसती टाकी पुसली.

त्याच संध्याकाळी ऋतिकाच्या पोटात कळा यायला लागल्या आणि उजाडता मुलगी झाली. मुलगी छान, काळीसावळी, आवाज सुलक्षणाच्या वळणाचा. फक्त वजनाने कमी. "जरा काळजी घ्यायची, बाकी ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. सुलक्षणाने त्यातलं फक्त वजन ऐकलं. नातीला दवाखान्यातल्या बाईने कुठल्याशा नव्या गुलाबी दुपट्यात गुंडाळलेलं होतं, त्यावर फरचं अस्वल.  उद्या घरी सोडणार म्हणाले होते. सुलक्षणा बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली, आणि जयवंतला काही न सांगता बाहेर येऊन रिक्षाला म्हणाली, "मानखुर्द."

खरातांच्या घराची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. द्रौपदीबाई दवाखान्यातून नुकत्याच परतल्या होत्या. दार उघडून त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं.

"पोर बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग या. आज कसला उपास?"

"आज नाही," सुलक्षणा म्हणाली.

चहा आला. बराच गोड होता, पण सुलक्षणा सगळा प्यायली, बशीत सांडलेलासुद्धा. वर पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला, काही कोसळलं नाही.

"माझ्याकडे जुनेर नाही," कप खाली ठेवून ती म्हणाली.

"काशीराम धुरींच्या घरात?"

"त्याचा कागद केला मी."

"म्हणजे?"

"लग्नपत्रिका केल्या. धोतराच्या. माझ्या कारखान्यात."

द्रौपदीबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. "सासऱ्याच्या धोतरावर लोकांची लग्नं लावली तुम्ही!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. मग त्यांचं हसणं हळूहळू ओसरलं. "आमच्या घरच्या लग्नात पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्या होत्या मी. तुमच्या दोघांच्या. व्याही आले, पाच मिनिटं टेकले, गेले. तुमची तशीच राहिली. पाहुणे उभे होते, पण मी कुणाला बसू दिलं नाही."

सुलक्षणाने रिकामा कप बशीत नीट ठेवला. 

"चुकलं माझं," ती पुटपुटली.

"मोठ्यांदा म्हणा. हे आत बसलेत, त्यांना कमी ऐकू येतं."

"चुकलं माझं!" सुलक्षणा ओरडली, आणि ओरडताना तिचा आवाज फाटला.

"काय झालं?" आतून भाऊराव.

"विहीणबाई चुकलं म्हणतात."

"बरं," भाऊराव म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

द्रौपदीबाईंनी पलंगाखालची ट्रंक ओढली. गोधड्या शिवायला जमवलेली जुनी लुगडी, धोतरं, पटके, सगळ्या घड्या नीट. अगदी तळातून त्यांनी एक तपकिरी, हिरव्या काठाचं लुगडं काढलं. "माझ्या सासूचं. नव्वदी ओलांडून गेली. शेवटपर्यंत दात शाबूत आणि शिव्याही शाबूत."

सुलक्षणाने ते बोटांत धरलं. असलं मऊ कापड तिच्या हाताखालून आजवर गेलं नव्हतं. तिचा हात सवयीने पर्समधल्या काडेपेटीकडे गेला.

"जाळा, जाळा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "म्हातारीला दुसऱ्यांदा जाळायचं राहिलंच होतं."

सुलक्षणाने हात मागे घेतला. "कशा होत्या?"

"भांडखोर. गावात विहिरीवर हिला कुणी पाण्याला हात लावू दिला नाही. म्हणून मुंबईला आल्यावर रोज नळावर पहिला नंबर लावायची. घरातलं पिंप भरलेलं असायचं, तरी लावायची. सगळ्या चाळीला मागे उभं करायची आणि सावकाश भरायची."

सुलक्षणाला लाज वाटली. खरी, अंग चोरायला लावणारी लाज. ती एरवी लाज वाटली की कुणावर तरी खेकसून मोकळी व्हायची; आज खेकसायला समोर कुणी तिच्याहून लहान नव्हतं.

"हे आयुष्य लागू दे माझ्या नातीला," ती म्हणाली.

"आपल्या," द्रौपदीबाईंनी दुरुस्त केलं आणि लुगडं तिच्या मांडीवर टाकलं. "फाडा तुम्हीच, तुमचा धंदाच आहे."

रोज पोतंभर कापड टराटरा फाडणाऱ्या सुलक्षणाला त्या लुगड्याला पहिला टरका द्यायला दोनदा हात पुसावे लागले. मग तिने सरळ धाग्यात, हळू, तुकडे फाडले. द्रौपदीबाई समोर बसून घड्या करत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नात घरी आली. सुलक्षणाने अस्वल काढून फेकलं आणि तिला लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलं. ऋतिकाने काठ ओळखला. तिने आईकडे पाहिलं, आई खिडकीकडे बघत होती. मग ती उशीत तोंड घालून रडली. पोरीने मात्र वेळ न दवडता पणजीच्या लुगड्यावर पहिलीवहिली शू केली.

सुलक्षणाने ते तुकडे स्वतः धुतले, साबण न लावता, हलक्या हाताने. जयवंत आतल्या दोरीवर जागा करत होता. "हय नको," ती म्हणाली. तिने खिडकीच्या ग्रिलबाहेरच्या दोरीवर, सगळ्या बिल्डिंगसमोर, एकेक तुकडा झटकून वाळत घातला. हिरवे काठ उन्हात ओळीने लटकले.

समोरच्या विंगेतून माधुरी ओरडली, "सुलक्षणा, कुणाचं गं हे लुगडं? तुझ्या सासूचं तर असलं नव्हतं!"

"आमच्या म्हातारीचं आहे, मानखुर्दच्या," सुलक्षणा तितक्याच जोरात ओरडली, सगळ्या मजल्यांवर जाईल अशी. "आणि आत्ताच सांगते, मागायला येऊ नकोस. द्यायची नाही."